विचारा तर खरं : पोराटोरांसकट मुंबई

मागच्या अंकात मी सहज म्हणून लिहिलं होतं की सुट्टीत मुंबईला यायचं असेल आणि मुलांना कुठे न्यायचं ते कळत नसेल तर विचारा, जमेल तसं सांगते. एवढी पत्रं आणि मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाहीये, त्यामुळे सारख्याच शंका एकत्र केल्यात आणि काही प्रश्न थोडे कापलेत, रागावू नका.

प्रश्न : आम्ही लातूरहून मे महिन्यात येतोय. शनिवारी रात्री पोहोचू आणि रविवार ते बुधवार असे चार दिवस हातात आहेत. मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ५ वर्षांची, मुक्काम डोंबिवलीला नणंदेकडे. यांनी १७ ठिकाणांची यादी केलीय (सोबत पाठवतेय). सगळं बसेल ना ताई?

नाही बसणार. यादी वाचली, त्यात एकाच दिवशी घारापुरी, राणीची बाग आणि जुहू आहे, म्हणजे तुमच्या मिस्टरांनी नकाशा पाहिलाय पण मुंबईतलं ऊन आणि लोकल पाहिलेली दिसत नाहीये. डोंबिवलीहून दक्षिण मुंबईत जाऊन यायचं म्हणजे तीन तास नुसते प्रवासात धरा, आणि पाच वर्षांची मुलगी दुपारी दोनच्या पुढे कुठल्याही म्युझियममध्ये माणसात राहत नाही, हे मी स्वतःच्या पोरांवरून सांगतेय. एका दिवशी एकच मोठं ठिकाण, आणि जमलं तर संध्याकाळी एक लहानसं. बाकीचं पुढच्या वेळी.

आता वार बघा, कारण मुंबईत सगळ्यात जास्त लोक वारामुळेच फसतात. घारापुरी सोमवारी बंद, बोरिवलीचं नॅशनल पार्क सोमवारी बंद, तारांगण सोमवारी बंद. आणि राणीची बाग आणि तिच्या आवारातलं भाऊ दाजी लाड म्युझियम, दोन्ही बुधवारी बंद. हे मी पाठ केलंय कारण एकदा मी, माझी जाऊ, सासूबाई आणि सहा पोरं असे सगळे डबे-बिबे घेऊन बुधवारी भायखळ्याला उतरलो आणि गेटाच्या बाहेर फुटपाथवर बसून थालीपीठं खाऊन परत आलो. धाकट्याला अजून वाटतं की राणीची बाग म्हणजे एक मोठं हिरवं गेट.

तर तुमचे चार दिवस असे करा. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, त्यात मुलं दमवू नका, उशिरा निघा आणि संध्याकाळी मलबार हिलला जा. तिथे कमला नेहरू पार्कमधला म्हातारीचा बूट मुलीला दाखवा, समोरची हँगिंग गार्डन बघा. ती बाग १८८१ साली पाण्याच्या टाकीवर केलीय, म्हणजे आपण हिरवळीवर चालतो आणि पायाखाली शहराचं पिण्याचं पाणी साठलेलं असतं, हे मुलाला सांगा, तो लगेच पाय आपटून बघेल. तिथेच २०२५ पासून झाडांमधून जाणारी लाकडी उन्नत वाट झालीय, पाचेकशे मीटर असेल, शेवटाला काचेचा तुकडा आहे आणि समुद्र दिसतो, पण तिचं बुकिंग ऑनलाइन आधी करावं लागतं, नाहीतर बाहेरूनच परत.

सोमवारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, ते सोमवारीही उघडं असतं. मंगळवारी भायखळा. बुधवारी वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. झालं.

वस्तुसंग्रहालयाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण लोक आत जातात आणि पहिल्या दालनापासून प्रत्येक पाटी वाचायला लागतात, आणि मग अर्ध्या तासात पोरं जमिनीवर. असं नका करू. आधी मुलांना बाहेर उभं करून घुमट दाखवा आणि विचारा हा कुठे पाहिल्यासारखा वाटतो का. विजापूरचा गोलघुमट पाहिला असेल तर मुलगा ओळखेल, कारण जॉर्ज विटेट या आर्किटेक्टने तिथूनच तो घेतलाय, आणि याच माणसाने नंतर गेटवे ऑफ इंडिया केलं. इमारत १९१४ मध्ये बांधून झाली पण तेव्हाच पहिलं महायुद्ध सुरू झालं, मग तिथे सैनिकांचं हॉस्पिटल चाललं, आणि म्युझियम म्हणून ती लोकांना खुली झाली थेट १९२२ मध्ये. ही गोष्ट माझ्या मोठ्याला इतकी आवडली होती की तो प्रत्येक दालनात विचारत होता इथे कॉट होत्या का.

आत गेल्यावर मुलीला प्राणी-पक्ष्यांच्या विभागात न्या, तिथे पेंढा भरलेले प्राणी त्यांच्या जंगलासारख्या देखाव्यात ठेवलेत. मुलाला शस्त्रं आणि अकबराचं चिलखत. मोहेंजोदडोच्या वस्तू त्याला पुस्तकात आल्याच असतील, त्या खऱ्या किती लहान असतात ते बघून मुलं चकित होतात. आणि लहान मुलांसाठीचं वेगळं चिल्ड्रन्स म्युझियम २०१९ पासून त्याच आवारात आहे. दीड-दोन तासात बाहेर पडा, अजून बघायचं राहिलं असं वाटत असतानाच. नंतर सीएसएमटीवरून ११५ नंबरची लाल एसी डबल डेकर पकडा, नरिमन पॉइंटकडे एनसीपीएपर्यंत जाते, वरच्या मजल्यावरची सगळ्यात पुढची सीट मिळेपर्यंत एखादी बस सोडलीत तरी चालेल. माझ्या भाचीला अख्ख्या ट्रिपमधलं तेवढंच आठवतं.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा आहे, ठाण्यात राहतो. नातू ८ वर्षांचा, सुट्टीत माझ्याकडेच असतो. गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. आम्हा दोघांनाच जाता येईल असं काही?

काका, भाऊ दाजी लाड म्युझियम. डोळे झाकून. लोकल जलद असली तरी भायखळ्याला थांबते, पूर्वेला बाहेर या, चालणं नको असेल तर टॅक्सी करा.

हे मुंबईतलं सगळ्यात जुनं म्युझियम, १८७२ सालचं. तेव्हा नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट होतं, १९७५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाडांचं नाव दिलं. लहान आहे हाच त्याचा मोठा गुण. खालच्या मजल्यावर हिरवे-सोनेरी खांब, उंच छत, आणि कपाटांमध्ये मातीची छोटी छोटी माणसं, जुन्या मुंबईतले वेगवेगळ्या जातीजमातीचे, धंद्याचे, प्रत्येकाची पगडी निराळी. तुम्ही नातवाला यातल्या निम्म्या पगड्या ओळखून दाखवू शकाल, आणि त्याला पहिल्यांदाच कळेल की आजोबांना गुगलपेक्षा जास्त माहिती असते. वरचा मजला चढायचाच असं काही नाही.

पण खरी गंमत बाहेर बागेत आहे. तिथे एक मोठा दगडी हत्ती उभाय. हा मूळचा घारापुरीचा, पोर्तुगीजांनी याच हत्तीला पाहून त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्रजांना तो १८६४ च्या सुमाराला उचलून इंग्लंडला न्यायचा होता, पण क्रेन मोडली, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मग भायखळ्याला आणले आणि १९१४ मध्ये जोडून परत उभे केले. जवळ जाऊन नीट पाहिलं की अंगावरचे सांधे दिसतात. मी मुलांना पैज लावते, किती सांधे सापडतात बघू. दहा-पंधरा मिनिटं सहज जातात आणि तेवढ्यात आपल्याला बसता येतं. आणि तुम्हाला तुमच्या तरुणपणातला काळा घोडा आठवत असेल तर तो पण इथेच आहे, राजासकट. १९६५ मध्ये त्याला फोर्टातून हलवून इथे आणला, आता काळा घोडा चौकात उभाय तो नवीन, स्वाराशिवायचा, २०१७ मधला.

दुसरं, वरळीचं नेहरू तारांगण. खुर्चीत मागे रेलून बसायचं, एसी, आणि मराठीतूनही शो असतात, त्याची वेळ आधी विचारून घ्या. १९७७ पासून चालू आहे, कदाचित तुम्ही तुमच्या मुलाला पण नेलं असेल. एक सावधगिरी : टॅक्सीवाल्याला नुसतं नेहरू म्हणू नका. नेहरू तारांगण वेगळं, नेहरू विज्ञान केंद्र वेगळं, दोन्ही वरळीत पण एकमेकांपासून चालत जाण्याइतकी जवळ नाहीत, निदान तुमच्या गुडघ्यांना तरी नाही. एक ॲनी बेझंट रोडवर, दुसरं मोझेस रोडवर. मी स्वतः एकदा शोच्या वेळेला चुकीच्या नेहरूंकडे उभी होते.

तिसरं फोर्टातलं रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं म्युझियम. २००४ मध्ये डॉ. अब्दुल कलामांच्या हस्ते उघडलंय. फार मोठं नाही, आतल्या आत फिरून होतं, आणि आठ वर्षांच्या मुलाला पैशात रस असतोच. सोमवारी बंद.

प्रश्न : लहानपणी चर्नी रोडला तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं, आता माझ्या जुळ्या मुलांना (वय ७) दाखवायचंय. सांगलीहून खास त्यासाठी येतोय. तिकीट ऑनलाइन मिळतं का?

थांबा, अजून निघू नका. तारापोरवाला बंद आहे. १९५१ सालचं ते, २०१५ मध्ये नवं रूप देऊन उघडलं होतं, मग कोरोनात बंद झालं आणि इमारत धोकादायक झाल्यामुळे परत उघडलंच नाही. मलाही वाईट वाटलं, आमच्या पिढीतल्या प्रत्येकाचा तिथल्या कासवासमोरचा एक फोटो आहे.

आणि खरं सांगू का, फक्त मासे बघायचे असतील तर तुम्हाला सांगलीहून मुंबईपेक्षा रत्नागिरी जवळ. तिथे झाडगावला सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय आहे, देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे.

पण मुंबईला यायचंच असेल तर मी काचेमागचे मासे दाखवण्याऐवजी एक दुसरी गोष्ट सुचवते, जी फुकट आहे आणि माझ्या मते तारापोरवालापेक्षा भारी आहे. ओहोटीला खडकाळ किनाऱ्यावर जा. गिरगाव चौपाटीच्या कडेचे खडक, हाजीअली, वांद्र्याचं कार्टर रोड. पाणी मागे गेलं की खडकांच्या खळग्यांमध्ये डबकी राहतात आणि त्यात अख्खं जग असतं. शंख पाठीवर घेऊन पळणारे खेकडे, बोट जवळ नेलं की मिटणारं समुद्रफूल, खडकाला चिकटलेली कालवं. पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही, नुसता चिखल आणि (खोटं कशाला बोलू) प्लास्टिक. मग पोरं उकिडवी बसतात, गप्प होतात, आणि एक शंख हळूच चालायला लागतो. माझ्या धाकट्याने असा एक शंख उचलला आणि आतून पाय बाहेर आले तेव्हा जी किंकाळी मारली ती पलीकडे कालवं काढत बसलेल्या कोळीण मावशींनी ऐकली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, त्याच्या घरात शिरलास तर तो भांडणारच ना.

आता वेळ कशी काढायची. भरती-ओहोटीचं टेबल मोबाईलवर मिळतंच, पण मुलांना बोटांवरचा हिशोब शिकवा, किनाऱ्यावरचे जुने लोक असाच करतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. म्हणजे चतुर्थी असेल तर चार, त्याचे पाऊणपट तीन, भरती तीनच्या सुमाराला, दुपारी पण आणि पहाटे पण. ओहोटी त्याच्या सहा तास आगेमागे, म्हणजे नऊला. द्वितीयेला भरती दीडला, ओहोटी साडेसातला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. रोज भरती साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते म्हणून हे जमतं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण घरातल्या कालनिर्णयावर समुद्राची वेळ निघते म्हटल्यावर सात वर्षांच्या मुलाला जादूच वाटते. पाढे पाठ करायला पण बरं पडतं.

पौर्णिमा-अमावस्या आणि नंतरचे दोन-तीन दिवस धरा. तेव्हा उधाणाची भरती असते, पाणी जितकं वर चढतं तितकंच लांब मागे जातं, आणि ओहोटी सकाळी सहा ते आठमध्ये येते, ऊन नसतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी मागे जातच नाही फारसं, तेव्हा खडकांवर जाऊन उपयोग नाही.

आणि हे नीट वाचा. ओहोटीच्या तासभर आधी उतरायचं आणि ओहोटीची वेळ झाली की मागे फिरायचं, अजून बरंच पाणी लांब आहे असं वाटलं तरी. पाणी परत येताना समोरून येत नाही, आधी मागच्या खळग्यांमध्ये भरतं, आणि तुम्ही खडकावर अडकता. दर वर्षी वांद्र्याच्या खडकांवर असे अपघात होतात. चपला नकोत, मागे पट्टा असलेले सँडल घाला, कालवं पाय कापतात. काही उचललं तर जिथून उचललं तिथेच ठेवायचं, शंख घरी आणायचे नाहीत, कारण रिकामा वाटणारा शंख उद्या कुणाचं तरी घर असतो. पावसाळ्यात हे अजिबात करायचं नाही.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीचे. समुद्र रोजचाच. मुंबईत जाऊन मुलांना परत समुद्रच दाखवायचा का? (मुलं १० आणि १२)

अजिबात नको, आणि वरच्या उत्तरात मी तुमची जाहिरात केलीय ती वाचा.

तुम्ही विज्ञान केंद्राला जा. बाहेरच्या बागेतच अर्धा दिवस जातो, वाफेचं इंजिन आहे, खरंखुरं लढाऊ विमान उभं केलंय, झोके आणि कप्प्या असे आहेत की हात लावल्याशिवाय काही कळतच नाही. 'हात लावू नका' न लिहिलेलं ठिकाण म्हणजे पोरांचा स्वर्ग. १९८५ पासून आहे, थोडं जुनाट वाटेल, एखादं मॉडेल बंद पण असतं, पण मुलांना त्याचं काही नसतं. आणि तिथे भुयारी मेट्रोने जा, कुलाब्याच्या टोकापासून, म्हणजे कफ परेडपासून, आरेपर्यंत जाणारी मेट्रो ३, तिचं एक स्टेशनच सायन्स सेंटर नावाचं आहे. कोकणातल्या मुलांना बोगदे नवे नाहीत म्हणा, पण जमिनीखालच्या स्टेशनात तीन-चार जिने खाली उतरत जायचं ही वेगळीच मजा.

प्रश्न : मुलगी १४ वर्षांची, म्युझियम म्हटलं की डोळे फिरवते. सगळं 'बोअर'. काय करू?

तिला विचारून ठरवा, हे एक. आणि इमारतीतल्या म्युझियमऐवजी कान्हेरीला न्या. बोरिवलीच्या नॅशनल पार्कमध्ये आहेत या लेणी, शंभराहून जास्त, काळ्या बेसॉल्टमध्ये कोरलेल्या, दोन हजार वर्षांपूर्वी काम सुरू झालं आणि पुढे जवळजवळ हजार वर्षं भिक्खू तिथे राहत होते. गेटापासून लेणी आत सहा-सात किलोमीटर आहेत, तिथपर्यंत बस जाते. तीन नंबरचं चैत्यगृह मोठं आहे, सगळे तिथेच फोटो काढून परत फिरतात. तुम्ही पुढे वर चढा. प्रत्येक गुहेच्या दाराशी पाण्याचं टाकं आहे आणि डोंगरावर पडलेला पाऊस त्या टाक्यांमध्ये नेणाऱ्या पन्हळी कोरल्यात, त्या शोधायला सांगा. दगडी बाक आहेत, त्यावर झोपून बघायला सांगा. माझी पुतणी पण अशीच, 'काय करायचंय बघून', ती एका दगडी बाकावर आडवी पडली आणि म्हणाली, काकू, इथे नेटवर्क नाहीये पण गार वाटतंय. चौदाव्या वर्षी याला कौतुक म्हणतात.

पाणी भरपूर न्या, खाण्याची पिशवी माकडांसमोर उघडू नका, आणि सोमवार नको.

सिनेमाची आवड असेल तर पेडर रोडला गुलशन महलमध्ये राष्ट्रीय सिनेमा संग्रहालय आहे, २०१९ पासून. जुने कॅमेरे, प्रोजेक्टर, मूकपट वगैरे. रील बनवणाऱ्या पोरीला खरी रील कशी असते ते दिसेल.

प्रश्न : पावसाळ्यात घारापुरी करावं का? जुलैत दोन दिवस मुंबईत आहोत, मुलं लहान आहेत.

नको. जुलैत समुद्र खवळलेला असतो, बोटी कधी सुटतात कधी नाही, आणि लहान मुलांना घेऊन गेटवेच्या धक्क्यावर पावसात ताटकळण्यात काही अर्थ नाही. डिसेंबर-जानेवारीत या. तेव्हा सकाळी पहिल्या बोटींपैकी एक पकडायची, तासभर लागतो, मागे सीगल येतात. लाइफ जॅकेट मुलांना घाला, कुणी नाही म्हटलं तरी मागून घ्या, मापाचं नसेल तर बदलून मागा. धक्क्यापासून छोटी गाडी आहे, पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. आणि आत गेल्यावर लगेच मोबाईल काढू नका. त्रिमूर्ती म्हणतात ती मूर्ती वीस फुटांची आहे आणि ती अंधारात मागच्या भिंतीत आहे, डोळे सरावायला दोन मिनिटं लागतात, मग एकेक चेहरा बाहेर येतो, आधी मधला शांत, मग डावा-उजवा. मुलांना हे असंच दाखवा. आधी भायखळ्याचा हत्ती दाखवला असेल तर त्यांना त्याचं मूळ गाव पाहिल्यासारखं होईल.

जुलैत चौपाटीवर गेलात तर अजून एक. पावसाळ्यात जुहू आणि गिरगावला वाळूवर निळे, फुग्यासारखे, काचेसारखे दिसणारे जीव वाहून येतात, ब्लू बॉटल म्हणतात. इतके सुंदर दिसतात की मुलं हमखास उचलतात. फुग्याला खाली लांब निळे धागे असतात आणि ते डंख मारतात, मेलेल्या ब्लू बॉटलचे पण. हात लावायचा नाही, अनवाणी चालायचं नाही. लागलंच तर चोळायचं नाही, धागे काठीने किंवा कार्डाने काढायचे, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं आणि डॉक्टरकडे जायचं.

पावसात धारावी-माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान मात्र मस्त. एकेकाळी तिथे शहराचा कचरा टाकायचे, त्या डंपिंग ग्राउंडवर झाडं लावून जंगल केलंय, १९९४ मध्ये उघडलं. आता मिठी नदीच्या कडेला फुलपाखरं आणि पक्षी. छत्री नको, रेनकोट घाला, फांद्यांमध्ये छत्री अडकते.

प्रश्न : फ्लेमिंगो कधी दिसतात? बाबागाडी घेऊन जाता येईल का?

थंडी सुरू झाल्यापासून मेपर्यंत, ठाणे खाडीत. ऐरोलीला वनखात्याचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून बोट सुटते, पण तिची वेळ भरतीवर असते त्यामुळे रोज वेगळी. वरचा पाऊणपटीचा हिशोब इथे कामाला येईल. बाबागाडी केंद्रापर्यंत ठीक, बोटीत नाही.

एकूणच बाबागाडीबद्दल बऱ्याच जणींनी विचारलंय. मुंबईचे फुटपाथ, लोकल आणि बाबागाडी हे तिघं एकत्र नांदत नाहीत. कडेवर घ्या किंवा पोटाशी बांधायची पिशवी आणा. स्वच्छतागृह म्हणाल तर मोठ्या म्युझियममध्ये बरी असतात, तिथून निघताना सगळ्यांना जाऊन यायला लावा, लागली नसली तरी.

प्रश्न : माझं नाव छापू नका. मी तिसरीत आहे. बाबा म्हणतात पेंग्विन बर्फात राहतात. मग राणीच्या बागेतल्या पेंग्विनला उकडत नाही का?

तू सगळ्यात चांगला प्रश्न विचारलास. बाबांचं थोडं चुकलंय (त्यांना सांगू नकोस, किंवा सांग). सगळे पेंग्विन बर्फात नाही राहत. आपल्याकडचे हम्बोल्ट पेंग्विन आहेत, ते दक्षिण अमेरिकेत पेरू आणि चिली देशांच्या किनाऱ्यावर राहतात. तिथे बर्फ नाही, खडक आणि वाळू आहे, फक्त समुद्राचं पाणी गार असतं कारण एक थंड प्रवाह तिथून वाहतो, त्याचं नाव पण हम्बोल्ट. राणीच्या बागेत ते २०१६ मध्ये विमानाने दक्षिण कोरियाहून आले. त्यांची खोली एसीने १६ ते १८ अंशांवर ठेवलेली असते, म्हणजे तुला स्वेटर घालावासा वाटेल एवढी गार.

आणि गेलास की त्यांच्या चोचीच्या मुळाशी बघ. तिथे पिसं नसतात, गुलाबी कातडी दिसते. उकडलं की अंगातली उष्णता ते तिथून बाहेर टाकतात. काचेला नाक लावून बघ म्हणजे नीट दिसेल, पण मागे रांग असते, लोक ढकलतात, म्हणून सकाळी उघडल्या उघडल्याच जा. आणि बाबांना सांग, बुधवारी नाही.